राईच्या कडेला एक रविवार

पहाटे साडेपाच

दोडामार्ग तालुक्यातल्या या गावात जुलैत उजाडतं तेही पावसातच. रोपवाटिकेच्या मांडवाखाली दिवा लागलेला असतो आणि वहिनी आज जायची रोपं निवडत असतात. गावात सगळेच त्यांना वहिनी म्हणतात, त्यांच्याहून थोरले असलेलेसुद्धा. गावच्या देवराईच्या कडेला लावायला दीडेकशे रोपं न्यायची आहेत. वहिनी प्रत्येक पिशवी उचलून आधी तळाशी बघतात. मूळ पिशवी फोडून बाहेर आलंय का, आतल्या आत वेटोळं घालून बसलंय का, हे बोटांनी चाचपतात. शेंड्याला कितीही तजेला असला तरी मुळाने वेटोळं घातलेलं रोप त्या बाजूला ठेवतात. नवीन आलेली कॉलेजची पोरं उंच, टवटवीत रोपांकडे हात नेतात तेव्हा त्यांचं एकच सांगणं असतं, "वयला नको बघू, खालचा बघ."

या मांडवाखाली जे उभं आहे ते बाजारात मिळत नाही. सरकारी किंवा खासगी रोपवाटिकेत काजू, आंबा, साग, गुलमोहर हवे तेवढे मिळतात. धूप, नागकेशर, कडू कवठ, रानजायफळ, ओवळ, सुरंगी ही झाडं हवी असतील तर बी स्वतः गोळा करावं लागतं. आणि सदाहरित रानातल्या बऱ्याच झाडांचं बी साठवून ठेवता येत नाही, हीच यातली मोठी अडचण. कोरड्या मुलखातल्या झाडांचं बी वाळवून, डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरता येतं. इथलं बी ओलसर असतं, पडल्या पडल्या रुजायच्या तयारीत असतं. वाळवलं की मेलं. जांभळाचं बी दोन-तीन आठवडे ठेवलं तरी त्यातलं किती उगवेल याचा भरवसा उरत नाही. म्हणून जांभूळ पिकायचा हंगाम म्हणजे वहिनींच्या घरी धावपळ. सकाळी वेचलेलं बी संध्याकाळी धुऊन मातीत गेलंच पाहिजे.

बी कुठून आणायचं याचाही नियम ठरलेला आहे. दाट रानाच्या आतलं बी उचलायचं नाही, ते तिथल्या प्राण्यांचं आणि मातीचं. रस्त्यावर, पाणंदीत, काजूच्या बागेत, घराच्या परड्यात जे पडतं, ज्याला तिथे रुजून मोठं व्हायला कुणी देणार नाही, तेच वेचायचं. धनेशाच्या ढोलीखालचं बी हा एक अपवाद. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर महिनोन्महिने फळं आणून भरवतो, तेव्हा खाली बियांचा खच पडतो. एकाच जागी एवढी रोपं उगवतात की एकमेकांना दाबून मरतात. त्यातली थोडी उचलली तर रानाचं काही जात नाही. वहिनींच्या वहीत प्रत्येक वाफ्यापुढे बी कुठल्या झाडाखालचं हे लिहिलेलं असतं. एकाच झाडाचं बी शंभर पिशव्यांत गेलं तर पुढचं सगळं रान एकाच आईचं होईल, म्हणून ही नोंद.

साडेसहा

पेज आणि लोणचं. मग रोपं पाटीत भरून निघायचं. सावंतवाडीहून चौघं आली आहेत, डिचोलीहून गोव्यातली तिघं, गावातली दहा-बारा माणसं. त्यात एक रिक्षावाले, एक निवृत्त मास्तर, उपकेंद्रातल्या नर्सबाई, आणि पासष्टी ओलांडलेले काका. काका रानातली झाडं अंधारातही सालीच्या स्पर्शाने ओळखतात असं पोरं म्हणतात. अंधारातलं मी बघितलेलं नाही. पण पानं झडलेल्या झाडाची साल नखाने खरवडून, वास घेऊन त्यांनी नाव सांगितलेलं बघितलं आहे.

इरलं आता कुणाकडे उरलेलं नाही. काहींकडे रेनकोट, बाकीच्यांच्या डोक्यावर प्लास्टिकची खोळ. कमरेच्या आकडीला कोयती. पायांना गमबूट, आणि गमबुटाच्या वर तंबाखू-चुन्याचा लेप, जळवांसाठी. वाट पाणंदीतून जाते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यांच्यावर शेवाळ. गडग्यापलीकडे काजू, मग रबराच्या एकसारख्या रांगा. याच उतारावर मास्तरांच्या लहानपणी मोठं रान होतं. सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं आहे, वनखात्याचं नव्हे. त्यामुळे जमीन विकली गेली, यंत्र आलं, की आठवड्यात डोंगर बोडका होऊ शकतो. आम्ही ज्या तुकड्यावर काम करतो तोही असाच साफ झालेला. पुढे मालकाचा बेत फिसकटला, जमीन तशीच पडली, आणि काही वर्षांनी त्यांनीच ती राईला जोडून घ्यायला लेखी संमती दिली. तिथून हे काम सुरू झालं.

साडेसात

राईच्या तोंडाशी गमबूट उतरवायचे. आत अनवाणीच जायचं, लाकूड तर सोडाच, पडलेली काटकीही उचलायची नाही. देवाची राई आहे. गुरवकाका उंबऱ्यावर उभे राहून गाऱ्हाणं घालतात. आज हे लोक तुझ्या कडेला काम करायला आलेत, त्यांना किडा-मुंगीपासून सांभाळ, हातून काही चुकलं तर पदरात घे, असा आशय. प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणतो. गोव्यातली मुलं म्हणतात, नास्तिक असलेले मास्तरही म्हणतात. काम सुरू करण्याआधी गावाने देवाचा कौल घेतला होता. कौल मिळाला नसता तर एकही खड्डा खणता आला नसता, आणि मला वाटतं तेच योग्य झालं असतं. शेकडो वर्षं ज्या गावाने ही झाडं राखली त्याला न विचारता त्याच्या राईला हात लावायचा अधिकार बाहेरून आलेल्या कुणालाच नाही.

वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या, तेव्हा या जुन्या राखणीचं मोल शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. देवराई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं मूळ रान, आजूबाजूला काय होतं ते सांगणारा जिवंत नमुना. आमचं सगळं काम या नमुन्यावर चालतं. काय लावायचं हे आम्ही पुस्तकातून ठरवत नाही. राईत काय आहे, कुठल्या उतारावर आहे, व्हाळापासून, म्हणजे ओढ्यापासून, किती लांब आहे, हे बघतो आणि तसंच कडेला करतो.

आत शिरलं की पावसाचा आवाज बदलतो. थेंब थेट अंगावर येत नाही, पानापानांवरून घरंगळत उशिरा येतो. सातविणीचे बुंधे दोघांच्या कवेत मावत नाहीत. गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली, तिची मांडीएवढी जाड वळणं जमिनीलगत पडलेली. वर शीळकरी कस्तूर गातो, माणसाने सहज शीळ घालावी तसा. पण ही राई जेमतेम काही एकरांची आहे. मधोमध उभं राहिलं तर काळोख, आणि कुठल्याही दिशेने चालत सुटलं तर थोड्याच वेळात उजेडात. लहान राईचं हेच दुखणं. कडेने ऊन शिरतं, वारा शिरतो, मार्च-एप्रिलात माती सुकते. बाहेरच्या काजूच्या बागेत पालापाचोळा जाळला की झळ आत येते. सावलीत वाढणारी कोवळी रोपं कडेला मरतात, त्यांच्या जागी रानमोडी घुसते, आणि दर काही वर्षांनी कड आणखी आत सरकते. कुणी एकही झाड न तोडता राई अशी झिजते. म्हणून आम्ही राईच्या आत काही लावत नाही. कडेला बाहेरून दाट झाडोरा उभा करायचा, म्हातारीच्या अंगावर घोंगडी घालावी तसा. पुढे जमेल तेव्हा व्हाळापलीकडच्या रानाशी तो जोडायचा.

आठ ते साडेअकरा

पहिलं काम लावणीचं नसतंच. पहिलं काम रानमोडीचं.

ही झुडपं मूळची अमेरिका खंडातली. आता कोकणात जिथे जिथे रान मोडलं तिथे तिथे ती पुरुषभर उंच माजलेली दिसतात. बी वाऱ्यावर उडतं, उन्हाळ्यात वाळलेली झुडपं ठिणगी पडताच पेटतात, आणि पावसात मुळातून पुन्हा फुटतात. नुसती छाटली तर दोन महिन्यांत पहिल्यासारखी. जमीन भिजून मऊ झालेली असते तेव्हा ती मुळासकट उपटून, मुळं वर करून टाकावी लागतात. जुलैचे दिवस त्यासाठी सोन्याचे.

पण सरसकट कोयती चालवायची नसते. रानमोडीच्या दाटीत रानाची स्वतःची रोपं दडलेली असतात. वीतभर उंचीचं किंजळ, दोन पानांची अंजनी, पाखराने टाकलेल्या बीतून आलेलं पिसा. आधी एक रांग वाकून, हाताने झुडपं बाजूला करत पुढे सरकते आणि दिसेल त्या रोपाशेजारी लाल फीत बांधलेली काठी रोवते. मागून दुसरी रांग उपटत येते. पहिल्या रांगेत काका, नर्सबाई आणि आज प्रथमच आलेली डिचोलीची एक मुलगी. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी या रांगेत घ्यायचं हा काकांचा हट्ट. अर्ध्या तासाने ती मुलगी तळहातावर पान धरून विचारते, "काका, ह्या खंयचा?" काका पान चुरगाळतात, तिच्या नाकाशी धरतात. दालचिनीचा वास. तिखी, रानातली दालचिनी. तिच्या आजवरच्या चालण्यात अशी किती रोपं पायाखाली गेली असतील, असं ती स्वतःशीच पुटपुटते आणि पुन्हा वाकते.

आजच्या वाफ्यात मोजून वीस-बावीस फिती लागल्या. म्हणजे एवढी झाडं रानाने आपण होऊन पाठवली. जिथे ती पुरेशी आहेत तिथे आम्ही एकही रोप लावत नाही, फक्त त्यांच्याभोवतीची जागा मोकळी करतो. जिथे नाहीत तिथेच कुदळ.

लावताना जागेवरून हमखास वाद होतात, आणि ते व्हावेत असं मला वाटतं. रिक्षावाले कडू कवठाचं रोप घेऊन वरच्या उतारावर निघाले तर काका ओरडले, "अरे हंय नको! त्याका पाणी व्हया. खाली व्हाळाकडे ने." खाली नेलं तर मास्तरांनी सुरंगीचं रोप नेमकं तिथेच ठेवलेलं. "हंय पाणी तुंबता, सुरंगी कुसात. जरा वयर सरका, मास्तर." मास्तर सरकले. उन्हात टिकणारी झाडं बाहेरच्या बाजूला, सावली मागणारी आत, राईच्या अंगाला. चांदाड्याला सगळ्यांत बाहेर मान. त्याची ढालीसारखी मोठी पानं दोन-तीन वर्षांत अशी सावली धरतात की रानमोडीला डोकं वर काढता येत नाही. त्याचं लाकूड कुणाला नको असतं, त्यामुळे त्याच्याकडे आजवर लक्ष गेलं नाही. रान परत आणायचं असेल तर तोच पहिला कामाला येतो.

खड्डा हातभर खोल. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गड्डा फुटू न देता खाली ठेवायचा, भोवतीची माती पायाने नाही, मुठीने दाबायची. उपटलेल्या रानमोडीचाच पाला भोवती अंथरायचा, बुंध्याला टेकू न देता. रिकामी पिशवी खिशात. संध्याकाळी रोपं किती आणि पिशव्या किती याचा मेळ बसल्याशिवाय कुणी घरी जात नाही. रान लावायला येऊन मातीत प्लास्टिक पुरून गेलो तर काय मिळवलं?

दहाच्या सुमाराला रांग थांबते. नर्सबाईंनी हात वर केला आहे. त्यांच्या चेहऱ्यासमोर, दीड हातावर, फांदीच्या बेचक्यात मलबारी चापडा बसला आहे. शेवाळी हिरवा, मधूनमधून तपकिरी डाग, तिकोनी डोकं, डोळ्यांत उभी बाहुली. शेजारी कितीजण कोयती चालवतायत याची त्याला दखलही नाही. हा साप तासन्तास एकाच जागी, बेडकाची वाट बघत बसतो. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरचं आहे, चापड्याच्या विषावर ते तयार केलेलं नाही. म्हणून इथला नियम सोपा आहे. आधी काठीने झुडूप हलवायचं, मग हात घालायचा. नर्सबाईंनी काठी हलवली नव्हती, डोळ्यांनी बघितलं म्हणून वाचल्या. काका दोन पावलं मागे घेतात सगळ्यांना. "तो हलाचो नाय. आपणच बाजूक होवया." त्या झाडाभोवती चार काठ्या रोवल्या जातात आणि तेवढा तुकडा आजच्यापुरता सोडून रांग वळसा घालून पुढे जाते. मोबाईलवर फोटो काढायलाही काका कुणाला पुढे जाऊ देत नाहीत.

बारा

पाऊस असा कोसळतो की समोरचा माणूस दिसेनासा होतो. गुरवांच्या पडवीत भाकरी, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी. आंबोली इथून फार लांब नाही. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा सगळा डोंगरपट्टाच ओल्या वाऱ्याच्या वाटेत उभा आहे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होऊन रिते होतात, आणि त्या पाण्यावर हे बारमाही हिरवं रान उभं राहतं. तेच रान पाणी मुरवून व्हाळांना उन्हाळ्यापर्यंत पुरवतं. रान गेलं की पाऊस तेवढाच पडतो, पण तो माती घेऊन चार तासांत समुद्रात जातो. वरच्या वाडीच्या विहिरी आता मार्चमध्ये तळ गाठतात हे पडवीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

जेवताना बोलणं कायद्याकडे वळतं. सावंतवाडी-दोडामार्गचा हा पट्टा राधानगरीकडून तिळारीमार्गे गोव्याच्या म्हादईकडे आणि पुढे कर्नाटकात जाणाऱ्या वाघ-हत्तींच्या वाटेवर आहे. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या वृक्षतोडीला मनाई केली. मार्च २०२४ मध्ये याच न्यायालयाने पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याच्या दिशेने पावलं टाकायला सांगितलं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाचा अहवाल दिला होता. २०१२ मध्ये घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा झाल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. दोडामार्ग त्यात नाही. मास्तर ही सगळी सालं तोंडपाठ सांगतात आणि शेवटी म्हणतात की मनाई असतानाही रात्री करवतीचा आवाज येतो. त्यावर रिक्षावाले म्हणतात, आवाज आला की आपण जायचं, सगळ्यांनी मिळून, हातात बॅटरी घेऊन, आणि शांतपणे नाव विचारायचं. दोनदा असं झालं आहे. दोन्ही वेळा ट्रक रिकामा परत गेला.

इथे एक गोष्ट मला ठामपणे लिहायची आहे. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात दर पावसाळ्यात कोट्यवधी रोपांच्या लागवडीची लक्ष्यं ठरली, दोन कोटींपासून सुरू होऊन शेवटच्या वर्षी तेहतीस कोटींपर्यंत. हेतूबद्दल मला शंका नाही. पण आकडा मोजला जातो तो लावलेल्या रोपांचा, आणि रान मोजायचं असेल तर पाच वर्षांनी काय उभं आहे ते मोजावं लागतं. शिवाय आकड्याच्या घाईत जे हाताला लागेल ते लावलं जातं. गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ. त्यांच्याखाली जमीन झाकलेली दिसते, पण धनेशाला खायला फळ नाही. त्याहून वाईट म्हणजे सड्यावर खड्डे खणणं. कोकणातले जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात म्हणून लोकांना ते झाडांविना मोकळे पडलेले वाटतात. पावसात जाऊन बघा. बोटभर मातीत फुलणारी, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली रोपटी आणि गवतं तिथे असतात. झाड लावून आपण ती मारतो. आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी उत्साहाने सड्यावर रोपं लावूया म्हणतं, आणि दरवर्षी आम्ही नकार देतो.

दीड

पाऊस ओसरला. दोन गट पडतात. एक गट उरलेली रोपं लावतो, दुसरा जुन्या वाफ्यांत मोजणीला जातो. मी मोजणीला.

प्रत्येक रोपाला ॲल्युमिनियमचा बिल्ला आहे, त्यावर नंबर ठोकलेला. एकाने नंबर वाचायचा, एकाने उंची मोजायची, एकाने बुंध्याचा घेर, एकाने वहीत लिहायचं. दर वर्षी, त्याच महिन्यात, त्याच झाडांचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि फोटोत दिसत नाही. मला विचाराल तर आमच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं. याच वहीमुळे कळलं की वरच्या उतारावर लावलेलं नागकेशर पहिल्या उन्हाळ्यातच जातं, पण तीन वर्षांच्या चांदाड्याखाली लावलं तर जगतं. कोवळ्या रोपांचे शेंडे गवा खुडतो तेव्हा ते आणखी फुटवे घेऊन जोमाने येतात, पण साळिंदराने बुंध्याची साल सोलली की रोप गेलंच. आणि खड्डा खणताना शेणखत जास्त घातलेल्या वाफ्यात झाडांपेक्षा गवतच दुप्पट माजलं.

मोजताना नव्या मुलांना एका गोष्टीचा संकोच वाटतो. बिल्ला सापडतो, पण रोपाची वाळकी काडी. मग ते दोन-दोनदा साल खरवडतात, हिरवं काही दिसतंय का बघतात, आणि "कदाचित जिवंत" असं लिहायला बघतात. काका वही हातात घेतात. "मेला हा ता मेला लिवा. कशान मेला ता पण लिवा." मेलेल्या रोपाची नोंद नसेल तर पुढच्या वर्षी तेच झाड त्याच जागी लावलं जाईल आणि पुन्हा मरेल. आजच्या पहिल्या रांगेत चौथा भाग काड्या आहेत. कारण सापडतं ते उतारावरून वाहून आलेल्या गाळात. वरच्या बाजूला कुणीतरी काजूसाठी नवा बांध घातला आहे आणि सुटलेली माती थेट आमच्या वाफ्यात उतरली आहे. मास्तर उद्या जाऊन त्या मालकांशी बोलणार, दगडांची आडवी ताल घालायला आम्ही माणसं देऊ असं सांगणार.

साडेतीन

राईच्या खालच्या अंगाला व्हाळ पसरून चिखल झालेली जागा आहे. दोडामार्गातल्याच हेवाळे-बांबर्डे इथल्या देवराईत रानजायफळाची दलदल आहे. अशा दलदली केरळ, कर्नाटक आणि गोव्यात माहीत होत्या, महाराष्ट्रातली ही अगदी अलीकडे अभ्यासकांच्या नजरेला आली, आणि २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या झाडांची मुळं चिखलातून गुडघा दुमडून वर यावा तशी वर येऊन पुन्हा खाली जातात. सतत पाण्यात असलेल्या मुळांना हवा मिळावी म्हणून झाडाने केलेली ही सोय. आमच्या व्हाळाकाठी तसं काही फार नाही. रानजायफळाची मोजकी जुनी झाडं आहेत आणि त्यांच्याखालची ओल वर्षभर टिकायला हवी.

ती टिकत नाही, कारण वरच्या बाजूला व्हाळाचं पाणी पाटाने सुपारीच्या बागेत नेलं आहे. पावसाळ्यात प्रश्न नसतो, जानेवारीनंतर असतो. पण बोलायचं आत्ता, पाणी भरपूर आहे तेव्हा. टंचाईच्या महिन्यात पाण्यावर कुणी मोकळ्या मनाने बोलत नाही. बागायतदार पाटावरच भेटतात. वयस्क, शांत माणूस. आमचं ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "माझ्या आज्यान ही बाग केली. सुपारी सुकली तर तुमी भरून देतल्यात काय?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला निसर्गावर भाषण हे उत्तर नव्हे. काका पाटाच्या कडेला उकिडवे बसतात. "पाणी बंद करूक आमी सांगणव नाय. रातीचा तेवढा व्हाळाक सोडा. रातीचा सुपारी खंय पिता?" बागायतदार हसतात. मग हिशोब निघतो. बागेला ठिबक बसवलं तर किती पाणी लागेल, नळ्यांचा खर्च किती, सरकारी अनुदान असतं त्याचा अर्ज कुणी भरायचा. निवृत्त मास्तर अर्ज भरायचं अंगावर घेतात. दिवाळीनंतर नळ्या टाकायला आमच्यातली सहाजणं येतील. जानेवारीपासून संध्याकाळी सहा ते सकाळी सहा पाट बंद, पाणी व्हाळात. लेखी काही नाही. बागायतदार सुपारीची चार खांडं काढतात, काकांच्या हातावर ठेवतात, आणि या गावात एवढं पुरतं. या अर्ध्या तासात एकही रोप लागलं नाही, पण आजच्या दिवसातलं सर्वांत मोठं काम हेच झालं असं मला वाटतं. या पाण्यावर रानजायफळाची जुनी झाडं आणखी शंभर वर्षं उभी राहू शकतात. आम्ही लावलेल्या रोपांना तिथवर यायला तेवढीच वर्षं लागतील.

साडेपाच

रोपवाटिकेत परत. कोयत्या-कुदळी धुऊन, तेलाचा हात फिरवून टांगायच्या. बुटातली चिखलाची माती इथेच झाडायची, कारण तिच्यात रानमोडीचं बी असू शकतं आणि ते उद्या सावंतवाडीच्या किंवा डिचोलीच्या परड्यात नको. जळवांनी चावलेल्या जागा नर्सबाई बघतात. पिशव्यांची मोजणी होते. दोन कमी. डिचोलीची मुलं बॅटऱ्या घेऊन परत जातात आणि पाऊण तासाने एक घेऊन येतात. दुसरी वहीत "हरवली" म्हणून लिहिली जाते, वाफ्याच्या नंबरासकट.

चहासोबत पुढचं ठरतं. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतल्या वणव्याच्या राखणीची नावं आत्ताच लिहून घ्यायची. पावसात सगळे उत्साहाने येतात, खरी गरज भर उन्हाळ्यात असते. जानेवारीअखेर कडेने सहा हात रुंद पट्टा झाडून साफ करायचा, आणि काजूवाले बागेतला पाला जाळतील त्या दिवशी त्यांच्या सोबतीला आपली दोन माणसं उभी करायची, म्हणजे आग त्यांच्या बागेतच विझेल. रिक्षावाल्यांनी मार्चमधले चारही रविवार घेतले. एप्रिल कुणी घेत नाही. लग्नसराई. शेवटी गुरवकाका म्हणतात, एप्रिल माझा, मी इथेच असतो.

पुढच्या रविवारी खालच्या वाफ्यात लावणी करायची असं आधी ठरलं होतं. तयार रोपं मांडवाखाली उभी आहेत आणि कॉलेजच्या पोरांना ती लावायची घाई आहे. पण आज मोजणी करताना तिथे चांदाडा आपण होऊन दाट उगवलेला दिसला. काकांचं म्हणणं, तिथे हात लावू नका, नुसती रानमोडी काढा, दोन वर्षं थांबा. पोरांना ते पटवायला बराच वेळ जातो. मग प्रश्न येतो वाचलेल्या रोपांचा. व्हाळापलीकडच्या काजूवाल्यांनी गडग्याच्या कडेला लावायला दहा-बारा कोकमं आणि जांभळं मागितली आहेत. ती मंगळवारी रिक्षातून पाठवायची. खड्डे त्यांनी स्वतः खणायचे, जागा दाखवायला काका जाणार, आणि बिल्ले ठोकायला पोरांपैकी दोघांनी सोबत जायचं.